आधी कव्हर, मग कॅमेरा: रॅप व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरला मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्ट म्हणून इचलकरंजीच्या मित्राच्या मराठी रॅप गाण्याचा व्हिडिओ करायचाय. गाण्याचं नाव ‘धोटा’ (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो), लांबी 2 मिनिटं 50 सेकंद, वेग 90 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 90 मात्रा. मित्राचे वडील यंत्रमागावर काम करतात, गाणं त्यांच्यावर आहे. हाताशी 15 हजार रुपये आणि शूटला दोन दिवस. कॅमेरा कुठला भाड्याने घ्यावा, ड्रोन परवडेल का, आणि गाण्याचं कव्हर (ॲपवर गाण्यासोबत दिसणारं चौरस चित्र), पोस्टर, थंबनेल हे सगळं शेवटी व्हिडिओतल्या फ्रेम काढून केलं तर चालेल का, असं विचारलंय.

कॅमेऱ्याचं आधी सांगून टाकतो. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाकडे बरा मिररलेस कॅमेरा असेल तर तो वापरा, नसेल तर चांगला फोन पुरे. मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 मध्ये पहिलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही आयपॅडवरच शूट केला. तो बघताना कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गल्ली त्याची होती, भाषा त्याची होती, आणि तो कुणाच्या वतीने बोलतोय हे लगेच कळत होतं. ड्रोन सोडून द्या. त्यासाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ड्रोन कुठे उडवता येतो ते झोन बघा, चालवणारा शोधा, भाडं भरा, आणि एवढं करून वरून दिसणार काय, तर मागांच्या शेडचे पत्रे. तुमचं गाणं पत्र्याखाली घडतं.

तिसरा प्रश्न मात्र कळीचा आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ‘कव्हर शेवटी बघू’ असं म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा व्हिडिओत काय दाखवायचं हेही ठरवलेलं नसतं. विद्यार्थ्यांचे असे व्हिडिओ मी बरीच वर्षं बघतोय, काहींच्या एडिटलाही बसतो. फसलेल्या व्हिडिओंत तेच ते दिसतं: रॅपर पुलावर, रॅपर गच्चीवर, रॅपर बंद पडलेल्या इमारतीत, मध्येच स्लो मोशनमध्ये रंगीत धूर. एकेक शॉट घेतला तर बरा असतो, पण हे गाणं याच मुलाचं का, ते कुठेच सापडत नाही. कव्हरवर एकाच चित्राला जागा असते. ते कोणतं, हे ठरवायला बसलात की गाणं नक्की कशाबद्दल आहे यावरून तुमची आणि मित्राची जुंपेल. वडिलांचा चेहरा, वडिलांचे हात, नुसता माग, की बापाच्या जागी उभा राहिलेला मुलगा? ही चार वेगवेगळी गाणी आहेत, आणि चारही वेगळ्या तऱ्हेने शूट होतात. हा वाद शूटच्या आधी मिटला पाहिजे. म्हणून माझा क्रम असा: गाणं लॉक, मग कव्हरचा कच्चा आराखडा, मग शॉट लिस्ट, मग शूट.

हिप-हॉपमध्ये, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संस्कृतीत, कागद आधीपासूनच पुढे चालत आलाय. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक ॲव्हेन्यूवर डीजे कूल हर्कने ज्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तिथून या संगीताची सुरुवात धरतात. ती पार्टी भरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, आणि निमंत्रणं हाताने लिहिलेल्या कार्डांवर गेली होती. पुढे त्याच ब्राँक्समध्ये बडी एस्क्वायरने घासून उमटवायची लेट्रासेट अक्षरं आणि हाताने आखलेल्या रेघा यांवर एकामागून एक पार्ट्यांची पत्रकं केली. कुठलाही व्हिडिओ नसताना त्या पत्रकावरून लोक ठरवायचे, जायचं की नाही. आज तुमचं गाणं ऐकण्याआधी माणूस फोनवर नखाएवढं कव्हर बघतो. काम तेच आहे.

गाणं लॉक म्हणजे फायनल मिक्स, आवाज आणि संगीत एकत्र करून पक्की केलेली फाइल, हातात. कच्च्या मिक्सवर शूट केलं आणि नंतर मित्राने दुसरा व्हर्स (कडवं) पुन्हा रेकॉर्ड केला, तर ओठ जुळणार नाहीत. रॅपमध्ये अक्षरं इतकी दाट असतात की अर्ध्या मात्रेचा फरकही डोळ्याला खुपतो. बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, कुठून आणलाय तेही आत्ताच तपासा. यूट्यूबवर ‘फ्री’ म्हणून मिळणारे बीट बहुतेकदा अटींवर फ्री असतात: कमाई करायची नाही, प्रोड्यूसरचं नाव द्यायचं, वगैरे. विकत घेतलेल्या साध्या परवान्यातही तोच बीट आणखी कितीतरी जणांकडे असू शकतो. परवान्याचा मेल आणि पावती प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लावा. बीटमध्ये जुन्या सिनेगीताचा तुकडा असेल तर मूळ रेकॉर्डिंग आणि मूळ चाल, दोन्हींचे हक्क कुणाचे तरी असतात. वर्गात सादर करणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. तिथली कंटेंट आयडी यंत्रणा आवाज जुळवून बघते, हा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे का ते ती विचारत नाही.

आता थोडं गणित, कारण सगळं नियोजन त्यावर बसतं. 90 बीपीएमला चार मात्रांचा एक बार 2.67 सेकंदांचा होतो, म्हणजे तुमचं गाणं साधारण 64 बारचं. सोळा बारचे दोन व्हर्स आणि आठ बारचं हुक (पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद) तीनदा धरलं तर 56 झाले, उरलेले आठ सुरुवातीला आणि शेवटी. मोठ्या कागदावर 64 चौकोन आखा, प्रत्येकात त्या बारचे शब्द लिहा आणि खाली कॅमेरा कशाकडे बघतोय ते लिहा. हीच तुमची शॉट लिस्ट आणि हाच एडिटचा आराखडा. चौकोन भरताना एक मोह टाळा: ओळीत चहा आला की चहाचा ग्लास, पाऊस आला की पाऊस. शब्द कानावर पडतोच आहे, त्याचं चित्र काढून दाखवलं की दोन्ही फिके पडतात. ‘बाप रात्रपाळीला गेला’ या ओळीवर बाप दाखवण्यापेक्षा घरात गुंडाळून ठेवलेलं अंथरूण दाखवा. आणि सेकंदाला 24 फ्रेमला शूट करा. 90 बीपीएमची एक मात्रा तेव्हा बरोबर 16 फ्रेमची होते, टाइमलाइनवर कट कुठे पडतोय ते मोजून बघता येतं.

शेडमधल्या शूटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण व्हिडिओचा जीव तिथे आहे आणि अडचणीही तिथेच आहेत.

माग चालू असताना स्पीकरवरचं प्लेबॅक ऐकूच येणार नाही. मित्राच्या एका कानात वायरचा इअरफोन द्या, वायर शर्टाच्या आतून मागे न्या, फोन खिशात. ब्लूटूथ बड्स नकोत, त्यांत आवाज किंचित उशिरा पोचतो. गाण्याच्या फाइलला सुरुवातीला आठ-दहा सेकंदांची शांतता आणि मग चार मात्रांची टिकटिक जोडून घ्या. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फोनवर ही फाइल सुरू करून स्क्रीनवरचा धावता वेळ दोन सेकंद कॅमेऱ्यासमोर धरा, मग फोन खिशात टाका. कॅमेऱ्याच्या माइकवर फक्त खडखडाट असेल, त्यामुळे एडिटला जुळवायला हा आकडाच कामी येतो. बाकी ठिकाणी साधा स्पीकर लावा आणि कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही आवाजाच्या लहरींवरून क्लिप जुळवता येतात. मित्राला नुसते ओठ हलवू देऊ नका, पूर्ण आवाजात म्हणू द्या. श्वास कुठे घेतला, गळ्याची शीर कुठे ताणली, हे कॅमेऱ्याला दिसतं, आणि खोटं असेल तर तेही दिसतं.

शेडमध्ये ट्यूबलाइट असणार. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 सेकंदावर पक्कं करा, नाहीतर चित्रात काळपट पट्टे सरकताना दिसतील. फोन स्वतःहून शटर बदलत राहतो, त्यामुळे ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप टाका, ते आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर आहे. शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. 1/50 ला पळणारा धोटा नुसत्या रेषेसारखा दिसेल. तसाच दिसू द्या, उघड्या डोळ्यालाही तो तसाच दिसतो. धोटा नीट दाखवायचा असेल तर बंद मागावर, तळहातावर घेतलेला, टोकाचं लोखंड झिजून चकाकतंय, आत धाग्याची कांडी भरलेली, असा एक क्लोजअप घ्या. हवेतला कापसाचा बारीक तंतू सारखा लेन्सवर बसतो, तेव्हा ब्लोअर आणि मऊ कापड जवळ ठेवा.

स्लो मोशन हवं असेल तर हिशोब आधी करा. 48 फ्रेमला शूट करून 24 वर दाखवलं की हालचाल निम्म्या वेगाने दिसते, म्हणून ओठ जुळायला गाणं दुप्पट वेगाने वाजवून त्यावर रॅप करावं लागतं, म्हणजे 180 बीपीएमला. ते चार बारच्या पुढे बहुतेकांना झेपत नाही. त्यापेक्षा 30 फ्रेमला शूट करा आणि गाणं सव्वापट वेगाने वाजवा, म्हणजे 112 च्या आसपास. ओठ जुळतात आणि हालचालीत किंचित जडपणा येतो. हुकसाठी मला हा परिणाम जास्त आवडतो.

सुरक्षिततेबाबत कुठलीही तडजोड नको. हुडीच्या लोंबत्या नाड्या, गळ्यातली चेन, ओढणी, मोकळे केस, यांतलं काहीही चालू मागाजवळ नको. धोटा कधीकधी मागातून उडून बाहेर येतो, म्हणून तो ज्या रेषेत पळतो त्या रेषेत, मागाच्या बाजूला, कुणी उभं राहायचं नाही, कॅमेरावालासुद्धा नाही. दोन मागांमधल्या अरुंद वाटेत गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) घेऊन उलटं चालणार असाल तर मागे एक माणूस धरायला हवाच.

आणि मजुरी. यंत्रमागावर कामगाराला उत्पादनावर पैसे मिळतात. तुमच्या शॉटसाठी माग थांबला की त्यांची कमाई थांबते. जॉबरशी, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याशी, आणि मालकाशी आधी बोला, जेवढा वेळ माग बंद ठेवायला लावणार तेवढ्याची मजुरी ठरवून त्या कामगाराच्या हातात द्या. तुमच्या 15 हजारांतला हा पहिला खर्च, लाइट-भाडं नंतर. उरलेले पैसे प्रवास, सगळ्यांचं जेवण, एक एलईडी पॅनल आणि छपाई यांत जातील. भाड्याचे दर गावागणिक आणि ओळखीवर बदलतात, तेव्हा त्यांचा आकडा मी सांगत नाही. मालकाचं लेखी परवानगीपत्र, कॉलेजचं पत्र आणि ज्यांचा चेहरा ओळखू येणार आहे त्यांची संमती, हे तिन्ही कागद घ्या. रेल्वे स्टेशन किंवा पन्हाळ्यावरच्या संरक्षित वास्तू यांचा मोह होईल. दोन्हींना वेगळी परवानगी लागते आणि तुमच्या गाण्याचा दोन्हींशी संबंध नाही.

कॅमेरा खाली ठेवून वर बघणं, कडा गोल वाकवून दाखवणारी फिशआय लेन्स, मागे उभी असलेली पोरं, ही हिप-हॉप व्हिडिओची ओळखीची भाषा आहे आणि ती वापरायला काहीच हरकत नाही. फक्त तिचं काम समजून घ्या. खालून बघितलं की माणूस मोठा दिसतो, मागे गर्दी असली की तो एकटा बोलत नाहीये हे कळतं. मग खालून बघण्याचा मान कुणाला द्यायचा? मी तो मित्राला देण्याआधी त्याच्या वडिलांना देईन. आणि मागची गर्दी म्हणून वर्गातली पोरं आणू नका, पाळी सुटल्यावर शेडबाहेर थांबणारी माणसं तयार असतील तर ती घ्या. भाषेचंही तेच. अमरावतीच्या 100 आरबीएच या रॅपरने वऱ्हाडीत रॅप करून लोकांना ऐकायला लावलं, तुमच्या मित्राची इचलकरंजीची बोली पुसून गुळगुळीत करू नका.

इथवरचं थोडक्यात: मिक्स पक्कं, कव्हरचं चित्र ठरलेलं, 64 चौकोन भरलेले, शेडमध्ये इअरफोन आणि 1/50, मजुरी आणि कागद आधी. एवढं झालं तर दोन दिवस पुरतात. प्रत्येक ठिकाणी पूर्ण गाण्याचे निदान तीन टेक घ्या, सुटे क्लोजअप त्यानंतर.

आता कव्हर. व्हिडिओतली फ्रेम का चालत नाही त्याची दोन साधी कारणं आहेत. फोर-के फ्रेम 3840 बाय 2160 पिक्सेलची, तिच्यातून चौरस कापला तर 2160 उरतात. गाणी स्पॉटिफाय वगैरेंवर पोचवणारे वितरक साधारण 3000 बाय 3000 मागतात. दुसरं, 1/50 शटरला हलणारा माणूस पुसट येतो. व्हिडिओत ते छान वाटतं, थांबलेल्या चित्रात नाही. म्हणून शूटच्या दिवशी एक जण फक्त फोटोंसाठी नेमा. शेडच्या दारात, दिवसाच्या उजेडात, तेच कपडे, तेच चेहरे, आणि आराखड्यात ठरलेलं ते एक चित्र वेगवेगळ्या तऱ्हांनी टिपा. उभे, आडवे, चौरस असे तिन्ही आकार घ्या आणि अक्षरांसाठी मोकळी जागा सोडा.

अक्षरांवर मात्र मनापासून वेळ घालवा. न्यूयॉर्कच्या ग्राफिटीचं वळण उचलून देवनागरीवर चढवलं की बहुतेक वेळा वाचताच येत नाही, कारण रोमन अक्षरं सुटी उभी राहतात आणि आपली शिरोरेषेला लटकतात. आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी केलेलं अक्षरांकन बघा. नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातच असायचा, आणि वर्तमानपत्राच्या छोट्या चौकटीतही नाव ठळक वाचता यायचं. तुम्हाला नेमकं तेच हवंय.

‘धोटा’मध्ये एक गंमत आणि एक धोका, दोन्ही आहेत. पहिला विचार येईल तो शिरोरेषा म्हणजेच धागा, आणि तो कव्हरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढायचा. कल्पना चांगली आहे. पण ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे रेषा नसते. तिथून धागा सरळ नेलात तर ‘ध’चा ‘घ’ होईल आणि गाण्याचं नाव ‘घोटा’ वाचलं जाईल. मग त्या जागी धागा तुटू द्या. तुटलेला धागा जोडणं हेच मागावरच्या माणसाचं दिवसभराचं काम आहे, गाण्यात ते असणारच. अक्षराची अडचण अशी विषयाला लागून आली की तिच्याभोवती अख्खं कव्हर उभं करता येतं.

हाताने जमत नसेल तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट मोफत मिळतात. या गाण्याला मोदक फार गोलमटोल पडेल, मुक्ताचं सर्वांत जाड वजन घेऊन त्यावर हाताने काम करा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये पहिली वेलांटी भलत्याच जागी गेली आणि जोडाक्षरं सुटली, तर फॉन्टला दोष देण्याआधी सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का ते बघा. आराखडा तयार झाला की तो फोनवर नखाएवढा करून हातभर लांब धरा. नाव वाचता आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

बाकी मापं पटकन सांगतो. कव्हर आरजीबी (स्क्रीनचे रंग), जेपीजी, त्यावर वेबसाइट, इन्स्टाचा पत्ता, किंमत काही नको, वितरक परत पाठवतात. ‘पॅरेंटल ॲडव्हायझरी’ हा इशाऱ्याचा काळा-पांढरा इंग्रजी शिक्का शोभेसाठी लावू नका, तो शिवराळ शब्द असलेल्या गाण्यांसाठी आहे. यूट्यूबचं थंबनेल 1280 बाय 720, उजव्या खालच्या कोपऱ्यात वेळेचा आकडा येतो, तिथे अक्षर ठेवू नका. स्पॉटिफायचं कॅनव्हास, म्हणजे गाणं वाजताना दिसणारा छोटा व्हिडिओ, उभं, 3 ते 8 सेकंदांचं, फिरून फिरून दिसणारं. त्यासाठी चालू मागाचा एक स्थिर, उभा शॉट शूटलाच घेऊन ठेवा, माग स्वतःच फिरून तिथेच येतो. पोस्टर ए-थ्री, 300 डीपीआय, चारही बाजूंना कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा, आणि रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगांत) बदलून आधी एक प्रत काढून बघा. स्क्रीनवरचा झगमगता निऑन कागदावर मळकट होतो. पोस्टर भिंतींवर चिकटवत सुटू नका, महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध 1995 चा कायदा आहे. कॉलेजचा फलक, चहाची टपरी, ओळखीचं दुकान, विचारून लावा.

एडिटला बसल्यावर प्रत्येक मात्रेवर कट मारायचा हात आवरा. मी व्हर्समध्ये चेहरा सलग चार बार ठेवतो आणि कट हुकसाठी राखून ठेवतो. कट मात्रेच्या एक-दोन फ्रेम आधी टाकला तर तो जास्त जिवंत वाटतो, करून बघा. सुरुवातीच्या बारना बीट येण्याआधी नुसता मागाचा आवाज द्या, पण तो कॅमेऱ्यावरचा नको, वेगळ्या फोनवर शेडच्या मधोमध उभं राहून रेकॉर्ड केलेला. हुकचे शब्द पडद्यावर त्याच अक्षरांत आणा जी कव्हरवर आहेत. नाकारलेली कव्हरं, खोडलेले चौकोन, सगळं तारखा टाकून फाइलमध्ये ठेवा, परीक्षकाला विचार कसा बदलला ते तिथेच दिसतं. आणि अपलोड करण्याआधी शेडमधल्या लोकांना एकदा दाखवा. संमती दिलेल्या माणसाला स्वतःचा शॉट नको वाटला तर तो काढायला तेव्हा वेळ हातात असतो.

हुकच्या ओळी आणि शेडचा दिवसा काढलेला एखादा फोटो इथे टाकलात, तर उजेड कुठून घ्यायचा आणि कव्हरचं चित्र कोणतं, यावर आणखी नेमकं सांगता येईल.